ट्रेलर मागे घेताना

मॉन्टगोमेरीबाहेरच्या त्या तळ्याकाठी कोणी गाडीला जोडलेला राहायचा ट्रेलर मागे घ्यायला लागलं, की सगळा कॅम्प खुर्च्या टाकून बसतो आणि आपण बघतच नाही असं दाखवतो. ओडेसाही उकडलेल्या शेंगा सोलत तशीच बसली होती. आज स्टिअरिंगवर एक म्हातारी होती, शेजारी तिचा नवरा. दोनदा ट्रेलर वाकडा गेला, तिसऱ्यांदा पाइनच्या झाडाला घासला.

"उजवीकडे फिरव, ए म्हशी! डोळे फुटले का तुझे?" नवरा ओरडला.

म्हातारीने गाडी थांबवली. कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. तिचे खांदे हलत होते.

ओडेसाच्या आईने जन्मभर हेच ऐकून घेतलं होतं. ओडेसा उठली आणि तरातरा गाडीच्या खिडकीशी गेली.

"बाई, असलं ऐकून घेऊ नका. आजची रात्र आमच्याकडे काढा."

म्हातारीने तोंड वर केलं. ती रडत होती, आणि हसतही होती.

"मार्चमध्ये त्यांना लकवा झाला. वाचाच गेली. डॉक्टरांनीही हात टेकले होते. आज पहिल्यांदा बोलले."

ओडेसा पलीकडच्या खिडकीकडे वाकली.

"काका, ट्रेलर अजून वाकडाच आहे. ओरडा की!"