नवा खिळा

गिरीज गावातल्या आमच्या वाडीतल्या दोन खोल्या मी शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने देते. मे महिन्यात चारधामला निघाले, तेव्हा सगळा कारभार लेकाकडे सोपवला. बद्रीनाथच्या एसटीडी बूथवरून फोन केला, तर सुजय म्हणाला, "तू निवांत दर्शन घे, आई."

परत आले तर घर मलाही जमणार नाही इतकं लख्ख! ओटीच्या भिंतीवर एक नवा खिळा तेवढा दिसला. "कॅलेंडरसाठी गं," सुजय म्हणाला.

काल टपालाने पाकीट आलं, 'घरमालक श्री. सुजय' यांच्या नावाने. आत पाहुण्यांचा आमच्या ओटीवर काढलेला हसरा फोटो.



त्यांच्या मागे, त्याच खिळ्याला, माझी तसबीर होती. चंदनाचा हार घातलेली.