हेळव्याचा दगड

नागप्पा हेळवी ज्या दगडावर बसून गावाच्या वंशावळी वाचत असे, त्याच दगडावर पुढे त्याचा मुलगा बसलिंगप्पा बसला आणि नातू शिवलिंगप्पाही. पणतू शिवपुत्र मात्र आज त्या दगडापाशी नुसताच उभा होता.

अक्कलकोटपलीकडच्या त्या साठ उंबऱ्यांच्या गावाचा इतिहास कोणत्याही कचेरीत नव्हता. तो हेळव्याच्या वह्यांत होता. दर तीन वर्षांनी सुगी सरली की हेळवी येई, घराघराची पिढीवार नावे वाचे, नव्या जन्मांची भर घाली आणि जोंधळा घेऊन जाई. पूर्वी बैलावरून येई, आता फटफटीवरून.

“ये रं बाबा, बस की,” शरणम्मा म्हणाल्या. गावात त्यांचा शब्द शेवटचा असे.

“कुटल्या तोंडानं बसू, अव्वा? छप्पर गळलं. वह्यांचा पार लगदा झाला. तुमच्या गावाचं एक नाव उरलं न्हाय. निरोप घ्यायला आलोय.”

शरणम्मांनी कोरी वही मागवली आणि दगडालगतच्या ओट्यावर जमलेल्या पुरुषांकडे पाहिले. “सांगा आपापल्या पिढ्या.”

पुरुष आजोबांपर्यंत धडाक्यात गेले आणि तिथेच अडकले. विरेशने तर पणजोबांच्या जागी त्यांच्या बैलाचे नाव सांगितले.

“तुमी काय सांगणार? हेळवी वाचायचा तवा तुमी घोरत व्हता!” शरणम्मा कडाडल्या. “चन्नम्मा, मायाक्का, समद्याजणी भाईर या!”

हेळव्याला द्यायचा जोंधळा बायका दाराआड बसून पाखडत. हात सुपात, कान ओट्यावर. चन्नम्माने एका दमात सासरच्या सात पिढ्या सांगितल्या. मायाक्काने आठ. भुवनेश्वरी मध्येच एक नाव विसरली, तशी तिची सासू ओरडली, “माझा आजेसासरा कुटं सांडलास गं?” सारा ओटा हसला.

उन्हे कलली तेव्हा वही भरली होती. शरणम्मांनी ती शिवपुत्राच्या हाती दिली. पहिले पान त्यांनी स्वतः लिहिले होते: ‘नागप्पाचा बसलिंगप्पा, बसलिंगप्पाचा शिवलिंगप्पा, शिवलिंगप्पाचा शिवपुत्र.’

“अव्वा, हे तर माझंच घर!”

“व्हय. म्हापुरात गावाचा कागद न् कागद व्हावून गेला, तवा तुज्या पणज्यानं ह्याच दगडावर बसून समद्या घरांची नावं परत लिहून दिली. मूठभर जोंधळाबी घेतला न्हाय. ‘माज्यावर येळ आली तर फेडा,’ म्हनला. घे, एकबी नाव कमी न्हाय. फिटलं. आता बस, आन् वाच.”