न थांबता एक फेरी

"आज साक्षात ब्रह्मदेव मिक्सर घेऊन आला तरी दार उघडायचं नाही," असं बायकोला बजावून पंढरीनाथ टेबलाखाली शिरले.

टेबल कसलं, अख्खी मागची खोलीच ती. प्लायवूडचे तक्ते आतच जोडलेले, त्यामुळे ते दारातून बाहेर निघायची सोय नव्हती. वर छोट्या रेल्वेचे रूळ. रुळांच्या मधोमध प्लास्टरची खाडी, मिठागरं, काडेपेटीच्या काड्यांपासून केलेल्या, पलीकडच्या तारोडी गावच्या होड्या. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून इंद्रलोक वसाहतीतल्या त्या फ्लॅटमध्ये पंढरीनाथांनी हा दुसरा संसार मांडला होता. इंजिन होतं, डबे होते. फक्त गाडी कधी पुरी फेरी मारत नव्हती.

पूर्वी त्यांना त्याची घाई नव्हती. पण होळीला स्वप्नील पुण्याहून आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, फ्लॅटला सध्या चांगला भाव आहे. विका आणि आमच्याकडे या. नेहालाही आजी हवीय."

"माझी रेल्वे होऊ दे. मग बघू."

"म्हणजे पुढच्या जन्मी."

पंढरीनाथांना ते झोंबलं. "न थांबता एक फेरी मारली, की त्याच दिवशी तुला फोन. शब्द देतो."

गिरिजाबाई आमटी वाढत होत्या. "मला काय, मी आज निघते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पितळी भांडी खाली काढून त्यांनी गोणपाटात बांधलीसुद्धा.

पंढरीनाथांनी ते गोणपाट बघितलं. टँकरच्या पाण्यावर संसार केला हिनं. आता नातीपाशी जायचंय, तर आपण कोण आडवे येणार? खाडीवरचा वारा सोडून जायच्या विचारानं स्वतःचा जीव कासावीस होतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उलट इरेला पेटले. दसऱ्याच्या आत फेरी, म्हणजे फेरी.

आणि नेमकी तेव्हापासून बिल्डिंगला साडेसाती लागली.

समोरच्या हंसाबेनचा मिक्सर जळला. मग त्यांची इस्त्री, मग टेपरेकॉर्डर. सेक्रेटरी महिपतच्या दारावरची बेल मुकी झाली. तिची तार सुरीनं कापल्यासारखी तुटलेली होती.

"उंदीर," पंढरीनाथ म्हणाले.

"चौथ्या मजल्यावर?" महिपत म्हणाला आणि का कोण जाणे, गिरिजाबाईंकडे बघून खाकरला.

गिरिजाबाई सगळ्यांना दारातच झापायच्या. "अहो, यांना काम करू द्या की जरा! पुण्याला जायचंय आम्हाला." झापून आत यायच्या, त्या हातात ती वस्तू घेऊनच. "ठेवून गेली बघा, ऐकतच नाही. आता बिचारीच्या घरी आज चटणी नाही. तुमचं तुम्ही ठरवा, मी काही म्हणत नाही."

असं म्हटल्यावर माणूस काय ठरवणार? मिक्सर उघडला जायचा. गणपतीत तर सोसायटीच्या मखराच्या दिव्यांपायी रुळांवर धूळ साचली. मखर विसर्जनाआधीच विझलं, ते निराळंच.

शेवटी पंढरीनाथांनी दारावर पुठ्ठा लावला : दुरुस्तीची कामं कायमची बंद. महिपत म्हणाला, "काका, हे सोसायटीच्या नियमात बसत नाही." पंढरीनाथ म्हणाले, "मग नियम आणून दे, तोही दुरुस्त करतो." पुठ्ठा राहिला. चार दिवस कुणी फिरकलं नाही. काम झपाट्यानं सरकलं.

आज एकच सांधा उरला होता. एरवी काम करताना त्यांचा रेडिओ मोठ्यानं चालायचा. आज त्यांनी तो मुद्दाम बंद ठेवला होता. पहिल्या फेरीला इंजिनाची घरघर त्यांना कानभर ऐकायची होती.

टेबलाखाली उताणं पडून त्यांनी तारेला सोल्डरचा डाग दिला. धुराची बारीक रेघ नाकात गेली. झालं. आता बाहेर यायचं आणि बटण दाबायचं. मग फोन. त्यांनी डोळे मिटले. आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

तेवढ्यात बाहेरचं सेफ्टी डोअर हळूच करकरलं.

"भाभी," हंसाबेनचा दबका आवाज आला, "अब क्या लाऊँ? मेरे घर में बिगाड़ने को कुछ बचाच नहीं. मेरे वो पूछते हैं, घर में भूत है क्या."

पंढरीनाथांनी टेबलाखालूनच दाराकडे कान लावला.

"धीरे बोल गं," गिरिजाबाई कुजबुजल्या. "आज उनका खतम होनेवाला है. फिर पूना जाना पड़ेगा."

"तो सीधा बोल दो ना, नहीं जाना."

"कैसे बोलूँ? बेटे को शब्द दिया है. पोतीके लिए दिनरात जुटे हैं बिचारे. इस उमर में मैं आडवी येऊ काय?"



"फिर?" हंसाबेननी विचारलं.

"तुम्हारा फ्रीज है ना अभी?"

टेबलाखाली पंढरीनाथांनी चाचपडत पक्कड शोधली आणि मघाशी जोडलेली तार, आवाज होणार नाही अशी, कापून टाकली.