वीजवीराचा दुखवटा

शेजारच्या लोखंडेवहिनी झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. डोळे रडून लाल. "पिठलं-भात आणलाय. आज चूल पेटवू नका."

असं जेवण दुखवट्याच्या घरी नेतात, हे शालनला ठाऊक होतं. पण तिच्या घरात गेलं कोण? दुपारच्या मालिकेत तिचा मुलगा दिगंबर वीजवीराचं काम करायचा, आणि आजच्या भागात फुटतं धरण सावरताना वीजवीर मेला होता. एवढंच.

"अहो, खोटं असतं ते!"

"माहितेय हो. पण आईचं काळीज ते!" वहिनींमागून आलेल्या चौघीजणी पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांना हसावं की आत बसवून पाणी द्यावं, शालनला सुचेना.

तेवढ्यात दिगंबरचाच फोन आला. शूटिंगपायी तीन वर्षं तो दिवाळीलाही आला नव्हता.

"आई, माझं काम संपलं गं. दुसरं काहीच हातात नाही. येऊ घरी?"

मुलगा बेकार झाला म्हणून की घरी येतोय म्हणून, तिचं तिलाच कळेना. पण "ये रे, आजच ये," म्हणता म्हणता तिला हुंदका फुटला.

लोखंडेवहिनींनी तिला जवळ घेतलं. "रडा, शालनताई. मोकळ्या व्हा."