पारूबाईचं पथ्य

"आदी तू घे, मग मी," पारूबाई म्हणाली. "एकटीच्यानं हा वास नाय सोसवत गं."

गोदानं नाक दाबून चमचा तोंडात रिकामा केला. मग सासूनं आपला घेतला. माशाचं तेल.

"आत्या, हिरूला माझ्या दुधात बोंबलाचा वास येईल आता."

"येऊंदे. पोर कोकणातलीच हाय."

हिरूच्या जन्मानंतर गोदाचा एक डोळा अंधुक झाला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवून तपासण्या केल्या, अशक्तपणा निघाला. त्याच फेरीत सोबत गेलेल्या पारूबाईचं दुखणं कळलं. शिरांचा आजार. हळूहळू पाय जातात, औषध नाही. लोणी, मटण, नारळ बंद. भाकरी, पालेभाजी आणि हे तेल. गोदाचा नवरा सोमा भिवपुरीच्या पॉवरहाऊसात कामाला. तो म्हणाला, घरात दोन स्वैपाक नकोत, सगळेच तसं खाऊ.

पारूबाई कधी डावा पाय ओढायची, कधी उजवा. दुखणं फिरतंय, असं गोदाला वाटे. आई लहानपणीच गेलेली. दुसरी आई अशी डोळ्यांदेखत जाताना आपण नुसतं बघायचं?

बाटली मुंबईहून यायची, महिना महिना यायची नाही. म्हणून चमचे भरताना गोदा आपल्या चमच्यात स्वैपाकाचं साधं तेल ओतायची. वाचलेलं सगळं आत्याला, काठोकाठ. सहा महिने झाले, कुणाला पत्ता नव्हता.

गोदाच्या हातून हल्ली भांडी निसटत. हाताला मुंग्या येत. तान्ह्या पोरीची जागरणं, दुसरं काय.

त्या सोमवारी पारूबाई तापानं पडली. बाटली संपलेली. गोदा हिरूला कडेवर घेऊन एकटीच कर्जतला गेली. दवाखान्याच्या पायरीवर तिचा पाय उचलेना. डॉक्टर दारातून बघत होते.

"आत्याचं तेल संपलं," ती म्हणाली. "तिचे पाय वाचतील ना, डाक्टर? खरं सांगा."

डॉक्टरांनी तिला हात धरून बाकावर बसवलं.

"सासूबाईंना काही झालेलं नाही, गोदाबाई. आजार तुम्हाला आहे. तुम्ही घाबराल, दूध आटेल, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतला. मी नको म्हणत होतो."

त्यांनी नवी बाटली तिच्या हातात दिली, तिची बोटं तिच्याभोवती नीट मिटवून.

"पण सहा महिन्यांत तुमचा एकही चमचा चुकू दिला नाही त्यांनी. तेवढं एक फार बरं झालं."