खाकरणं

उंबऱ्याशी येऊन केरबा सवयीनं खाकरले. आत स्वयंपाकघरात त्यांच्या सुनेच्या, मालनच्या मनगटात कातडीखाली बसवलेला मणी लालभडक पेटला आणि विझला.

मालनच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती. गाठीनं उसळी घेतली की रक्तदाब एकदम चढायचा. मण्याला ते आधीच कळायचं आणि तो लाल पेटून औषधाचा थेंब रक्तात सोडायचा. ऑपरेशन होईपर्यंत हे औषध पुरायला हवं होतं, पण ते फार लवकर संपत चाललं होतं.

तपासायला आलेल्या सिस्टरनं मनगटाशी फोन धरला. "उगाच नाही उसळत ती, मालनताई. कशाला तरी दचकता तुम्ही. आत्ता काय झालं?"

"कुठं काय? मामंजी आले," मालन म्हणाली. तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला होता.

केरबा दारातच थबकले. सासऱ्यानं खाकरून घरात यावं, सुनेनं पदर सावरावा, ही त्यांच्या घरची रीत. मालन लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. आपण तिचा मान राखतो, असंच त्यांना वाटत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी खाकरणं गिळून ते दाराशी उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मालन, येऊ का गं आत?"

मणी पुन्हा लाल झाला.

"आता काय चुकलं माझं?" केरबांनी पडेल आवाजात विचारलं.

"तुमचं नाही, मामंजी." पदर सावरत ती कसनुसं हसली. "तुम्ही नाव घेतलंत ना, मला वाटलं माझंच काही चुकलं."