बुडवलेला पेपर

"माझ्या आईला तुम्ही लोकांनी नापास केलंत," शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बसल्या बसल्या पोरगी समितीच्या तोंडावर बोलली.

शेजारी बसलेल्या आईने टेबलाखालून तिला चिमटा काढला. हातातोंडाशी आलेली शिष्यवृत्ती ही कार्टी घालवणार, दुसरं काय.

"अगं, आम्ही कुठे परीक्षा घेतो?" समितीतले औषधवाले काका म्हणाले. "आम्ही आपल्या वस्तीतल्या पोरांना कॉलेजात पाठवतो."

"घरात कुणी पदवीधर असेल तर नाही पाठवत. तुमचा तो नियम कळला आणि हिने बी.ए.चा शेवटचा पेपर बुडवला. वर्षभर ही लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि मी हिला धडे वाचून दाखवत होते."

"पोटात दुखत होतं गं माझ्या," आई पुटपुटली.

"दोनदा वाढून घेतलंस त्या दिवशी."

काकांना हसू आवरेना. इतके दिवस झाकलेलं बिंग चारचौघांत फुटलं, आईची मान काही वर होईना. पोरीने तिचा हात घट्ट धरला.

"पुढच्या वेळी हिला परीक्षेला मी स्वतः बसवून येणार आहे, काका. ही पास झाली तर माझी शिष्यवृत्ती काढून घेणार का? ते आत्ताच सांगा."